जड-हलक्या क्रूडचं मिश्रण: तापमान, दाब आणि व्हिस्कॉसिटीच्या प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

काम आजपासून सुरू. प्रश्न असा: जड क्रूडमध्ये हलकं क्रूड मिसळून ते पाइपलाइनने पाठवायचं आहे, तर वाटेत कुठल्याही ठिकाणच्या तापमानाला आणि दाबाला त्या मिश्रणाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, किती असेल? तापमानाचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. दाबाचा विषय निघाला की मात्र "तेवढ्याने काय बिघडतं" असं म्हणून सगळे पुढे जातात. किती बिघडतं ते आकड्यात हवं आहे, आणि ते तापमानाच्या शेजारी ठेवून बघायचं आहे.

दोन नमुने आले आहेत. जड तेलाला 'ज' म्हणू, हलक्याला 'ह'. १५.६ अंशांना 'ज'ची सापेक्ष घनता ०.९६५ आणि 'ह'ची ०.८४२. एपीआय, म्हणजे तेलाचा हलकेपणा सांगणारा अंक, काढायचं सूत्र नेहमीचंच: १४१.५ भागिले सापेक्ष घनता, त्यातून १३१.५ वजा. म्हणजे 'ज' १५.१ आणि 'ह' ३६.६. एपीआय २२.३ च्या खाली गेलं की तेल जड धरतात, ३१.१ च्या वर गेलं की हलकं. दोन्ही नमुने आपापल्या गटात अगदी आत बसतात, काठावर कुणीच नाही. अभ्यासाला हे चांगलं आहे, कारण दोन तेलांमध्ये जेवढं अंतर जास्त तेवढी मिश्रणाची सूत्रं जास्त ताणली जातात आणि त्यांचं खरं रूप कळतं.

६ ऑगस्ट

मोजायला बसण्याआधी नमुन्यांची तयारी. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुढच्या प्रत्येक आकड्याची लायकी इथेच ठरते, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

पहिलं पाणी. जड तेलात पाण्याचे बारीक थेंब इमल्शन होऊन अडकलेले असतात. आइन्स्टाइनने १९०६ मध्ये मांडलेलं आणि १९११ मध्ये दुरुस्त केलेलं सूत्र सांगतं की द्रवात तरंगणाऱ्या कडक गोल कणांमुळे व्हिस्कॉसिटी कणांच्या आकारमानाच्या अडीच पट हिश्शाने वाढते. म्हणजे दोन टक्के कणांमागे पाच टक्के वाढ. पाण्याचा थेंब खरं तर कडक नसतो, तो आतून फिरतो, त्यामुळे परिणाम कमी व्हायला हवा. पण जड क्रूडमधल्या थेंबावर ॲस्फाल्टीनची, म्हणजे तेलातल्या मोठ्या जड रेणूंची, साय धरते आणि तो कडक कणासारखा वागू लागतो. 'ज' ६० अंशांना सेंट्रिफ्यूजमधून काढला, तेव्हाच पाणी नगण्य पातळीवर आलं.

दुसरं, हलके घटक उडणं. 'ह' उघड्या बीकरमध्ये तापवला तर पेंटेन-हेक्सेनसारखे घटक निघून जातात आणि उरलेलं तेल आपसूक दाट होतं. मग आपण जे मोजतो ते मूळ तेल राहतच नाही. त्यामुळे सगळं तापवणं बंद बाटलीत, आणि बाटलीचं वजन तापवण्याआधी आणि नंतर. वजनात फरक पडला तर तो नमुना बाद.

तिसरं, उष्णतेचा इतिहास. प्रत्येक नमुना आधी ८० अंशांना दोन तास ठेवायचा, मगच मोजणीच्या तापमानाला आणायचा. याचं कारण 'ह' मोजताना दिसेलच.

९ ऑगस्ट

'ज'ची तापमानानुसार मोजणी झाली. साधन काचेचं केशनळीचं व्हिस्कोमीटर, एएसटीएम डी-४४५ या प्रमाण पद्धतीने. काळ्या तेलासाठी उलट्या प्रवाहाची नळी वापरावी लागते. साध्या नळीत तेल खाली उतरताना काचेवर काळा थर मागे सोडतं आणि रेघ ओलांडली की नाही ते दिसत नाही. उलट्या नळीत तेल कोऱ्या फुग्यात वर चढतं, त्यामुळे काळी कड स्वच्छ दिसते. स्टॉपवॉच दाबायचा क्षण चुकत नाही.

वातावरणाच्या दाबाला 'ज', सेंटिस्टोकमध्ये:

२० अंश: ५४८०
३० अंश: २०७०
४० अंश: ९००
६० अंश: २३३
८० अंश: ८५

वीस ते ऐंशी अंशांत चौसष्ट पटींचा फरक. त्यातही घसरण सगळीकडे सारखी नाही. वीस अंशांच्या आसपास एक अंशाला साधारण दहा टक्के, चाळीसला सात-आठ टक्के, ऐंशीला चार-पाच टक्के. बाथचं तापमान सांभाळायचं ते यासाठी. वीस अंशांना बाथ एक दशांश अंशाने सरकला तरी उत्तर एक टक्क्याने सरकतं. आपला बाथ अंशाच्या दोन शतांशांपर्यंत स्थिर आहे, त्यामुळे ती चिंता नाही.

तापमान आणि व्हिस्कॉसिटी जोडणाऱ्या वॉल्थरच्या समीकरणात आकडे घालून पाहिले. व्हिस्कॉसिटीत ०.७ मिळवायचे, त्याचा लॉग, पुन्हा त्याचा लॉग, आणि आडव्या अक्षावर केल्विनमधल्या तापमानाचा लॉग. एएसटीएम डी-३४१ चा तक्ता यावरच बेतलेला आहे. ४० आणि ८० अंशांच्या दोन बिंदूंवरून सरळ रेघ ओढली तर ६० ला २३६ आणि २० ला ५३६० येतात. प्रत्यक्षात २३३ आणि ५४८०. दोन बिंदूंवर एवढा अंदाज म्हणजे उत्तम. दोनदा लॉग घेतल्यावर जवळपास काहीही सरळ दिसतं असं म्हणतात, ते खरंही आहे, पण रेघेच्या बाहेर वीस अंश जाऊनही दोन-अडीच टक्क्यांत राहणारं समीकरण मला वापरायला आवडेल.

१३ ऑगस्ट

'ह' दिसायला सोपा, वागायला अवघड. ३० अंशांच्या वर काही तक्रार नाही: ८० ला २.२, ६० ला ३.२, ४० ला ५.२, ३० ला ६.९ सेंटिस्टोक, सगळे सरळ रेघेवर. खाली यायला लागलो आणि साधारण २६ अंशांना रेघ मोडली. तिथे मेणाचे पहिले स्फटिक तयार होतात. काळ्या तेलात ढग डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे रेघेतला हा मोड हीच खूण.

इथून खाली केशनळी सोडून फिरतं व्हिस्कोमीटर घेतलं, कारण आता उत्तर तेल किती वेगाने घुसळतोय यावरही ठरतं. २० अंशांना रेघेप्रमाणे ८ मिलिपास्कल-सेकंद (सेंटिस्टोक गुणिले घनता) यायला हवे होते. सेकंदाला १०० च्या कर्तनदराला (घुसळण्याच्या वेगाला) ९.८ आले, १० च्या दराला १४.५. तेल तेच, तापमान तेच, आकडे दोन. स्फटिकांची जाळी मंद घुसळताना टिकते, जोराने घुसळलं की मोडते.

उष्णतेच्या इतिहासाची चाचणी मुद्दाम केली. एक भाग ८० पर्यंत तापवून थंड केला, दुसरा फक्त ४५ पर्यंत. दोन्ही सारख्याच वेगाने १५ अंशांना आणले आणि १० च्या कर्तनदराला मोजले. पहिला ३१, दुसरा ५८. ४५ अंशांना मेण अर्धवटच विरघळतं, उरलेले मोठे स्फटिक पुढच्या स्फटिकांना बीज पुरवतात, आणि ॲस्फाल्टीन-रेझिनचे जे रेणू स्फटिकांची वाढ रोखतात त्यांना नव्याने पसरायची संधी मिळत नाही. थोडंसं तापवणं न तापवण्यापेक्षाही वाईट ठरू शकतं ते यामुळेच. मेणाळ तेलाच्या व्हिस्कॉसिटीच्या आकड्यासोबत कर्तनदर आणि आधीचं तापमान लिहिलेलं नसेल तर मी तो आकडा वापरणार नाही.

१८ ऑगस्ट

मिश्रणं केली. वजनाने, आकारमानाने नाही. क्रम ठरलेला: 'ज' ५० अंशांना ठेवून ढवळत राहायचं आणि 'ह' बारीक धारेने त्यात सोडायचा. उलटं कधीच नाही. ॲस्फाल्टीन टोल्युइनमध्ये विरघळतात आणि हेप्टेनमध्ये साकळतात. पॅराफिनी हलक्या तेलात जड तेलाची धार सोडली तर पहिल्या क्षणी प्रत्येक थेंबाभोवती हलकंच तेल जास्त असतं, आणि ॲस्फाल्टीन तिथेच गोळा होतात. एकदा गोळा झालेले परत सहजी विरघळत नाहीत.

४० अंशांना, सेंटिस्टोकमध्ये: 'ह' दहा टक्के असताना ४०२, वीसला १९५, तीसला १०३, पन्नासला ३४.

पहिल्या दहा टक्क्यांनीच व्हिस्कॉसिटी निम्म्याच्याही खाली गेली. ९०० वरून ४०२. पुढच्या दहांनी ४०२ वरून १९५. कमी झालेले सेंटिस्टोक पाहिले तर पहिला हप्ता सर्वांत मोठा, पण पटीत पाहिलं तर दोन्ही हप्ते जवळपास सारखे. म्हणूनच मिश्रणाचा कुठलाही हिशोब लॉगमध्येच करायला हवा.

२० ऑगस्ट

सूत्रांची परीक्षा. तीस टक्के 'ह'चं मिश्रण, ४० अंश, मोजलेलं उत्तर १०३.

साधी सरासरी काढली तर ६३२. ही कुणी वापरत नाही, पण ती किती चुकते हे एकदा नजरेखालून गेलेलं बरं. केंडल आणि मन्रो यांचा १९१७ चा घनमूळाचा नियम वजनाच्या हिश्शांवर लावला तर ३८५. आर्हेनियसचा १८८७ चा लॉगचा नियम १९२ सांगतो. रेफुटासचा निर्देशांक, ज्यात प्रत्येक तेलाच्या व्हिस्कॉसिटीत ०.८ मिळवून दोनदा नैसर्गिक लॉग घेतात, त्याला १४.५३४ ने गुणून १०.९७५ मिळवतात आणि मग निर्देशांकांची वजनी सरासरी काढतात, तो ९४.७ वर येतो. आठ टक्के कमी, पण बाकीच्यांच्या तुलनेत खूपच जवळ.

रेफुटास का जमतो? माझं मत असं. दोनदा लॉग घेणं हे वॉल्थरच्या समीकरणातलंच आहे. हलकं तेल घालणं आणि तापमान वाढवणं या दोन्ही गोष्टी रेणूंना हलायला जागा करून देतात, तेव्हा एकाच प्रकारच्या मोजपट्टीवर दोन्ही सरळ दिसावेत यात नवल नाही. केंडल-मन्रोचा नियम मुळात एकमेकांसारख्या द्रवांसाठी शोभतो. इथे दोन तेलांत १७० पटींचं अंतर आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. आपल्या मोजमापात प्रत्येक वेळी रेफुटास थोडं कमीच सांगतो: दहा टक्क्यांना ३८५ विरुद्ध ४०२, वीसला १८२ विरुद्ध १९५, पन्नासला ३२ विरुद्ध ३४. चूक एकाच दिशेची आहे, आणि ती पंपासाठी धोक्याच्या दिशेची आहे. यादृच्छिक चूक असती तर सोडून दिली असती. त्यामुळे या जोडीसाठी सात-आठ टक्क्यांची वाढ धरूनच पुढे जाऊ.

२२ ऑगस्ट

ठिपक्याची चाचणी. मिश्रण तापवून त्याचा एक थेंब गाळणकागदावर टाकला आणि ओव्हनमध्ये ठेवला. पन्नास टक्क्यांपर्यंत डाग एकसारखा तपकिरी. सत्तर टक्के 'ह' असलेल्या मिश्रणात डागाच्या आत स्पष्ट काळं वर्तुळ उमटलं, म्हणजे ॲस्फाल्टीन बाहेर पडले. आपल्याला लागणारं मिश्रण तीस टक्क्यांचं आहे, त्यामुळे प्रत्यक्षात अडचण नाही. पण "अजून हलकं घाला, अजून पातळ होईल" या सल्ल्याला मर्यादा आहे ती ही. व्हिस्कॉसिटी आकड्यात छान दिसत असताना टाकीच्या तळाला गाळ बसत असू शकतो.

२७ ऑगस्ट

दाबाच्या मोजणीची जुळणी. तिरप्या नळीत पोलादी गोळी घरंगळत जाते आणि दोन चुंबकी संवेदकांमधलं अंतर पार करायला किती वेळ लागतो ते मोजायचं. नळी उलटी करून दुसऱ्या दिशेनेही तेच. वेळ, गोळी आणि तेल यांच्या घनतेतला फरक, आणि प्रमाणित तेलावर काढलेला स्थिरांक यांचा गुणाकार म्हणजे व्हिस्कॉसिटी. दाबाखाली तेलाची घनता थोडी वाढते, ३० मेगापास्कलला दोनेक टक्के. पण पोलाद इतकं जड आहे की फरकावर त्याचा परिणाम अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरी दुरुस्ती घालतोच.

भरण्याआधी तेलातली हवा निर्वाताखाली काढून टाकली. एक बुडबुडा राहिला तरी गोळी त्याला अडते आणि आकडे उगाच नाचतात.

इथे एक गोष्ट आहे जी पुस्तकातल्या आकृतीत दिसत नाही. दाब वाढवला की तेल स्वतःच तापतं. हातपंपाने १० मेगापास्कल चढवले की आतल्या थर्मामीटरवर साधारण एक अंशाची उसळी येते. गणितही तेच सांगतं: प्रसरणाचा गुणांक गुणिले तापमान, भागिले घनता आणि विशिष्ट उष्मा यांचा गुणाकार, म्हणजे १० मेगापास्कलला १.२ अंशांच्या आसपास. लगेच गोळी सोडली तर 'ज'ची व्हिस्कॉसिटी आठ-नऊ टक्के कमी दिसेल आणि दाबाचा परिणाम आहे त्यापेक्षा लहान वाटेल. त्यामुळे प्रत्येक पायरीनंतर तापमान मूळ ठिकाणी स्थिरावेपर्यंत थांबायचं. जाड भिंतीच्या भांड्यात याला वेळ लागतो. दाब उतरवताना उलटं, तेल गार पडतं.

१ सप्टेंबर

'ज', ४० अंश, मिलिपास्कल-सेकंदात. वातावरणाच्या दाबाला ८५४, १० मेगापास्कलला ११३०, २० ला १४९५, ३० ला १९८०.

लॉग कागदावर सरळ रेघ. बारूसने १८९३ मध्ये सांगितलेलं हेच ते रूप: दाब समान पायऱ्यांनी वाढवा, व्हिस्कॉसिटी समान पटींनी वाढते. इथे गुणांक दर मेगापास्कलला ०.०२८. प्रत्येक दहा मेगापास्कलला बत्तीस टक्के. याहून खूप जास्त दाबाला, वंगणाच्या बेअरिंगमध्ये असतात तशा शेकडो मेगापास्कलला, ही रेघ वाकते. पाइपलाइनच्या आणि तेलसाठ्याच्या कक्षेत ती सरळ धरायला हरकत नाही.

मग तापमान बदलून तेच. २० अंशांना गुणांक ०.०३६, ८० ला ०.०२०. 'ह' ४० अंशांना ०.०१२. म्हणजे तेल जितकं दाट, मग ते जातीने दाट असो वा थंडीने, तितकी दाबाची पकड घट्ट. तापमान आणि दाब हे दोन वेगवेगळे गुणक काढून शेवटी गुणून टाकण्याची सवय इथे चुकते. थंड तेलाला दाबाचा गुणक मोठा लावावा लागतो.

४ सप्टेंबर

तीस टक्क्यांचं मिश्रण दाबाखाली. ४० अंशांना ९३ मिलिपास्कल-सेकंदांपासून सुरू होऊन ३० मेगापास्कलला १८१. गुणांक ०.०२२. २० अंशांना ०.०२७. 'ज' आणि 'ह' यांच्या गुणांकांची वजनी सरासरी ०.०२३ येते, म्हणजे गुणांकासाठी साधी सरासरी जवळपास चालते. व्हिस्कॉसिटीला जी सरासरी मुळीच लागू पडत नाही ती गुणांकाला लागू पडते, कारण गुणांक आधीच लॉगच्या जगातला आहे.

८ सप्टेंबर

आज प्रकल्पातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट सापडली. आकडे वेगळ्या पद्धतीने मांडले: "दाबाने व्हिस्कॉसिटी किती वाढली" असं न विचारता "दाबाने तेल किती अंश थंड झाल्यासारखं वागलं" असं विचारलं.

'ज' ४० अंशांना ३० मेगापास्कलखाली १९८० मिलिपास्कल-सेकंद. तोच 'ज' वातावरणाच्या दाबाला १९८० केव्हा देतो? बरोबर ३० अंशांना. म्हणजे ३० मेगापास्कलनी दहा अंशांची ऊब खाल्ली. ८० अंशांना तीच तुलना केली तर बारा अंश. २० अंशांना पुन्हा दहाच्या आसपास. 'ह'ला ४० अंशांना बारा. मिश्रणाला अकरा.

पटींमध्ये पाहिलं तर हे सगळे आकडे एकमेकांपासून लांब होते: 'ज'ला २० अंशांना जवळजवळ तिप्पट, 'ह'ला दीडपटही नाही. अंशांमध्ये पाहिलं तर सगळे दहा ते बाराच्या दरम्यान. दाट तेलाला दाबाची पकड जास्त आणि तापमानाचीही जास्त, दोन्ही जोडीने वाढतात, त्यामुळे भागाकार जवळपास स्थिर राहतो.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "तीन मेगापास्कलला एक अंश. पंपावरच्या माणसाला हे तोंडपाठ करता येईल." मला तेच हवं होतं. घातांक आणि गुणांक हे अहवालात राहतात. "दहा मेगापास्कल म्हणजे साडेतीन-चार अंशांचा तोटा" हे डोक्यात राहतं, आणि तापमानाचा जो आलेख आधीच भिंतीवर लावलेला आहे त्यावरच वाचता येतं.

यामागचं कारणही समाधान देणारं आहे. द्रवात रेणूला सरकायचं तर शेजारी रिकामी जागा लागते. गच्च भरलेल्या बसमध्ये दाराकडे सरकण्यासारखंच. डूलिटलने १९५१ मध्ये व्हिस्कॉसिटी या मोकळ्या जागेशी जोडली. थंड केलं की जागा आक्रसते, दाबलं की आक्रसते. रेणूला जागा का कमी झाली याच्याशी देणंघेणं नाही. अर्थात हे पूर्ण चित्र नाही. तापमान रेणूंची ऊर्जाही बदलतं, दाब ती बदलत नाही, आणि दहा-बारा अंशांचा तो पसारा बहुधा तिथूनच येतो. मोठ्या ॲस्फाल्टीन रेणूंचं एकमेकांना चिकटणं हाही वेगळा विषय. पण मुख्य धागा हाच.

१२ सप्टेंबर

वरचं सगळं मृत तेलाबद्दल, म्हणजे ज्यातला वायू निघून गेला आहे. जमिनीखालच्या जिवंत तेलात गोष्ट फिरते, म्हणून ही ताकीद इथे लिहून ठेवतो. विरघळलेला मिथेन हा सर्वांत हलका पातळ करणारा घटक. बुडबुडा-दाबाच्या, म्हणजे ज्या दाबाखाली वायू सुटू लागतो त्याच्या, वर दाब वाढवला तर व्हिस्कॉसिटी वाढते, मृत तेलासारखीच. बुडबुडा-दाबाच्या खाली दाब कमी केला तर वायू बाहेर पडतो आणि मागे राहिलेलं तेल दाट होतं. म्हणजे आलेखाला तळ आहे आणि तो बुडबुडा-दाबावर आहे. "दाब वाढला की व्हिस्कॉसिटी वाढते" हे वाक्य विहिरीच्या तळाशी डोळे मिटून वापरता येणार नाही. आपली पाइपलाइन स्थिर केलेल्या, म्हणजे वायू आधीच काढलेल्या, तेलाची आहे, त्यामुळे आपल्याला लागू पडतं.

१६ सप्टेंबर

आता प्रत्यक्ष पाइपलाइनची नळी. आतला व्यास अर्धा मीटर, वेग सेकंदाला दीड मीटर, तीस टक्क्यांचं मिश्रण. सुरुवातीला पंपाजवळ ४० अंश आणि १० मेगापास्कल, शेवटी २० अंश आणि दाब जवळपास संपलेला.

वातावरणाच्या दाबाला मिश्रण ४० अंशांना १०३, ३० ला १८४, २० ला ३६१ सेंटिस्टोक. दाब धरून पंपाजवळ १२७, मध्यावर, जिथे दाब ५ मेगापास्कल, २०७, आणि शेवटी ३६१ च. सुरुवातीला चोवीस टक्के वाढ, मध्यावर बारा-तेरा, शेवटी काही नाही.

नळी चालू असताना दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध दिशेने चालतात. जिथे दाब जास्त तिथे तेल ऊबदार, जिथे तेल थंड तिथे दाब संपलेला. एवढी वर्षं लोकांनी दाब सोडून दिला आणि पंप व्यवस्थित चालले, त्याचं कारण मला इथे दिसतं. शिवाय ४० अंशांना रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळाळता ते सांगणारा) दाब न धरता ७००० च्या वर आहे, प्रवाह खळाळता, आणि खळाळत्या प्रवाहात घर्षणाचा दाब व्हिस्कॉसिटीच्या साधारण पाव घाताने वाढतो. चोवीस टक्के व्हिस्कॉसिटी म्हणजे घर्षणात जेमतेम साडेपाच टक्के.

शेवटच्या टोकाला मात्र रेनॉल्ड्स २१०० च्या आसपास, म्हणजे शांत प्रवाहाच्या उंबरठ्यावर. शांत प्रवाहात घर्षण व्हिस्कॉसिटीच्या सरळ प्रमाणात. तिथे टक्क्याला टक्का द्यावा लागतो. कॅनडातल्या पातळ केलेल्या बिट्युमेनच्या (डांबरासारख्या अतिजड तेलाच्या) पाइपलाइनना संदर्भ तापमानाला ३५० सेंटिस्टोकची मर्यादा असते. आपलं मिश्रण २० अंशांना त्या मर्यादेच्या जरासं बाहेर आहे.

१९ सप्टेंबर

खरी अडचण नळी बंद पडून पुन्हा सुरू करताना. आता सगळी नळी थंड आहे, आणि पंप चालू करताक्षणी पहिल्या भागावर पूर्ण दाब येतो. चालू नळीत जे परिणाम वेगवेगळ्या टोकांना होते ते आता एकाच जागी, एकाच वेळी. २० अंश आणि १० मेगापास्कल: ४७० सेंटिस्टोक. त्याच वेगाला रेनॉल्ड्स १६००. प्रवाह शांत, आणि तीस टक्क्यांची वाढ जशीच्या तशी पंपावर.

जमीन १२ अंशांवर गेली तर मेणाचाही प्रश्न येतो. मिश्रण त्या तापमानाला १०० च्या कर्तनदराला ६५५ मिलिपास्कल-सेकंद देतं, ५ च्या दराला ८९०. 'ह' पातळ करायला घातला आणि त्यानेच मेण आणलं. थांबलेल्या नळीत कर्तनदर शून्य असतो, म्हणजे सुरुवातीचा प्रतिकार ८९० पेक्षाही वरचा. आणि दाब वाढला की मेण थोड्या जास्त तापमानालाच स्फटिक धरू लागतं, म्हणजे दाब इथे दोन वाटांनी आडवा येतो.

अहवालात पंपाच्या गटासाठी तीन गोष्टी ठळक देणार. चालू नळीच्या हिशोबात दाब सोडला तरी चालेल, पण रेफुटासच्या उत्तरात आठ टक्के मिळवा. पुन्हा सुरू करण्याच्या हिशोबात जमिनीचं तापमान घ्या आणि सुरू करण्याच्या दर तीन मेगापास्कलला त्यातून एक अंश वजा करून मगच तापमान-व्हिस्कॉसिटीचा तक्ता वाचा. आणि १५ अंशांच्या खाली तक्ता वापरू नका.

२३ सप्टेंबर

१५ अंशांच्या खालच्या भागासाठी दाबाखाली चालणारं फिरतं व्हिस्कोमीटर लागेल. घरंगळत्या गोळीचा कर्तनदर आपल्या हातात नसतो, त्यामुळे मेण असताना तिच्या आकड्याला अर्थ उरत नाही. साधनाची मागणी आज दिली. ते येईपर्यंत वीस आणि तीस टक्क्यांच्या मिश्रणांचे भाग ८० अंशांवरून दोन वेगवेगळ्या वेगांनी १२ अंशांना उतरवून, चोवीस तास न हलवता ठेवून, मेणाने धरलेलं जेल मोडायला किती बल लागतं ते वातावरणाच्या दाबाला मोजायला घेतलं आहे. पहिल्या दोन बाटल्या दुपारी बाथमध्ये गेल्या.